नाक्यावरची वही

मणदूरच्या नाक्यावर वहीत
नाव, गाव, येण्याचं कारण.
आम्ही लिहिलं : प्राणी बघणे.
वाटाड्या धाकलू झोरे,
त्यानं कारणाच्या रकान्यात
नुसती रेघ ओढली.

सडा चढताना फारसा बोलला नाही.
शेण दिसलं की वाकायचा,
बोटानं ऊब बघायचा :
"आत्ताच गेलाय."

कारवी संपली तिथं
जोत्याचे चार दगड,
जमिनीत रुतलेलं उखळ,
उखळात पाणी, पाण्यात
बेडकांची शेपटीवाली पिल्लं.
आणि पलीकडं, फणसाखाली, गवा.
कान हलवत,
कुणाची वाट न बघता.

आम्ही कॅमेरे काढले.
धाकलूनं चपला काढल्या.

उतरल्यावर पुन्हा वही.
दिसलेले प्राणी : गवा, एक.
ठिकाण?
पेन हातात धरून मी त्याच्याकडं बघितलं.
तो तंबाखू मळत होता.
"लिवा की," म्हणाला, "आमचं परडं."