कडी

दांडिया बाजारातल्या आमच्या शाळेत
यंदा मराठीला अकरा मुलं.
घरात अर्धी गुजराती, गल्लीत पूर्ण,
भांडण झालंच तर हिंदी;
मराठी लग्नपत्रिकेपुरती
आणि माझ्या चौथ्या तासापुरती.

त्यांच्या हाती दिली मी नव्वद वर्षांपूर्वीची कादंबरी.
तिची पानं उलटली की बोटांना पिवळं लागतं.
मथुरा सासर सोडून भर रात्री माहेरी येते,
बाप दार उघडू देत नाही,
ती नदीकडे चालू लागते.
बावीस वर्षं शिकवते आहे.
बावीस वर्षं त्याच ओळीला माझा आवाज ओला होतो,
आणि मागच्या बाकावर
कितव्या मिनिटाला होईल यावर पैज लागते,
हे मला माहीत आहे.

या वेळी म्हटलं, प्रश्नोत्तरं नकोत.
काहीतरी करून आणा. वीस गुण.

मेहुल निंबाळकरने पतंग आणला, उत्तरायणातून उरलेला.
त्यावर मथुरेचा रस्ता, स्केचपेनने.
म्हणाला, मॅडम, ही कटलेली नाहीये,
दोरी अजून बापाच्याच हातात आहे.
गावांची नावं मात्र सगळी गुजराती लिपीत.
दोन गुण कापावेत का, या विचारात मी पडले.

निसर्ग शिर्केने मोबाइलवर बाप ऐकवला:
चार मिनिटं, दाराच्या आतून,
नुसता खोकला.

तोरल दिघेने नदीच बदलली.
तिची मथुरा विश्वामित्रीच्या काठाशी येते,
पाण्यात मगर बघते,
"हट्" म्हणते
आणि मागे फिरून सेव-उसळीच्या गाडीवर
दोन प्लेट खाते, वरून तरी मागून घेते.
वर्ग लोळला. मीही.
हसू ओसरताना आठवलं,
इतक्या आवृत्त्या निघाल्या,
दारात आलेल्या पोरीला
जेवलीस का, असं कुणी विचारलं नव्हतं.

झंखना मोहिते सगळ्यात शेवटी उठली.
तिच्याकडे ना कागद, ना रंग.
दप्तरातून तिने एक फळी काढली,
फळीवर लोखंडी कडी,
चार स्क्रू, एक वाकडा.
पान एकशे बारा, ती म्हणाली, खालून तिसरी ओळ:
"मोलकरणीने दाराला कडी घातली."
बास. पुढे ती कुठेच नाही.
मॅडम, हिला नाव का नाही?

मी पान काढलं. ओळ होती.
माझ्या प्रतीत आजूबाजूला पेन्सिलीच्या खुणा,
लाल शाईची टिपणं,
अधोरेखित "पाषाणहृदयी पिता",
आणि ती एक ओळ
नव्या कोऱ्या भिंतीसारखी स्वच्छ.

झंखना म्हणाली, माझी आई अलकापुरीत तीन घरी काम करते.
ती म्हणते, मालकांच्या घरात
दार लावणारा हात आपला असतो,
पण लावायचं कधी, ते आपलं नसतं.
मग तिने फळी बाकांवरून फिरवली.
प्रत्येकाने एकदा कडी घालायची, अट एकच:
बाहेर कुणीतरी रडतंय, असं समजून.

खट्.
मेहुल. खट्.
तोरलने घातली, लगेच काढली, परत घातली.
निसर्गचा हात पोचला आणि थांबला.
फळी माझ्यापर्यंत आली.
कडी जड नव्हती.
बावीस वर्षं मी रडत होते
ती दाराच्या नेमकी कुठल्या बाजूला उभी राहून,
हे त्या पोरीने विचारलं नाही.
खट्.

घंटा झाली. मधल्या सुट्टीत मुलं पांगली.
शनिवारपर्यंत गुण भरायचे आहेत, तक्ता कोरा आहे.
प्रदर्शनात ठेवू या, मी म्हटलं, फळी राहू दे माझ्याकडे.
झंखना दारात घुटमळली.
मॅडम, आज नेऊ का?
आमच्याच दाराची आहे.
सकाळी आई झोपेत असताना काढली,
आता ती कामावर जायची थांबलीय,
उघडं घर राखत
उंबऱ्यावर बसून असेल.