दर तासाला

रात्री दोनचा थेंब.
फ्रिजमधली बाटली मुठीत धरून जरा कोमट करते,
खालची पापणी ओढते.
तो म्हणतो, बिस्मिल्ला.
मी म्हणते, वर बघा.

नाव खमीस. पहिल्या दिवशी मला हसू आलेलं,
आमच्या मिरजेकडे खमीस म्हणजे सदरा.
त्यालाही सांगितलं. म्हणाला, मग धुऊन इस्त्री करून दे.
तेव्हा नुसता मोतीबिंदू होता.

वीस मिनिटांचं काम. ट्रे मी लावला होता.
चिमटे, पाती, भिंग, बोळे,
पाकिटावरची पट्टी काळी झालेली बघितली होती.
बघितली होती ना?
बघितली होती.

तिसऱ्या दिवशी सून त्याला दंडाला धरून घेऊन आली.
बुबुळाच्या तळाशी पांढरी रेघ,
ताक ठेवून दिलं की खाली बसतं तशी.
सुईनं आतलं पाणी काढलं. लॅबमध्ये बशीवर ठिपके उगवले,
त्यांना नाव मिळालं.
कुठून आले, ते नाही मिळालं.

मग कागद आले. त्याला विचारलं:
वजू करताना पाणी गेलं? उशी कुणाची? घरात बकऱ्या?
मला विचारलं: हात किती मिनिटं धुतले?
आम्ही दोघांनीही खरं सांगितलं
आणि कागदाला ते पुरलं नाही.

चाळीस वर्षं तो सूरच्या खाडीवर गलबतांच्या फळ्यांत
तेलात भिजवलेला कापूस ठोकत आला.
हिंदी त्याची मुंबईच्या बंदरातली, जुनी, खारवलेली.
परवा आपणहून म्हणाला,
पाणी शिरतं ती फट सापडत नाही, बेटी.
फक्त गलबत जड झालेलं कळतं.
माझ्याकडे बघून म्हणाला असेल.
बघून म्हणजे, तोंड माझ्याकडे करून.

तीनचा थेंब. खाली बंदरात कुणाचं तरी इंजिन
सुरू होतं, बंद पडतं, परत सुरू होतं.
चांगला डोळा झाकून मी बोटं धरते. किती?
कालपर्यंत टॉर्चचा उजेड कळायचा, तेवढाच.
तो वेळ घेतो. मान तिरकी करतो,
फळी सरळ आहे का पाहावं तशी.

बोटं नाही मोजता येत, म्हणतो,
पण हात हलतोय तुझा.

मी हलवत नव्हते.

तक्त्यावर लिहिते: हाताची हालचाल दिसते.
वेळ घालते. सही करते.
चारचा थेंब फ्रिजमध्ये.