लागू नाही

एकतीस तारखेला केबिन रिकामी करा, असं पत्र आलं,
खाली सही माझ्याच एका विद्यार्थ्याची.
शिपाई घोणे मार्केट यार्डातून सफरचंदांची खोकी घेऊन आला,
आत अजून वाळल्या गवताचा वास.
म्हणाला, पुस्तकं खाली, मॅडम, प्रबंध वर.

प्रबंध वर ठेवला.
तांबडं रेक्झिन, सोनेरी अक्षरं.
अप्पा बळवंत चौकातला बाइंडर म्हणाला होता,
पाठ जाड करतो, ताई.
लोक उघडत नाहीत, पण लांबून दिसला पाहिजे.

लूना होती तेव्हा माझ्याकडे.
बंडगार्डनचा पूल ओलांडून येरवडा,
फाटकाशी पर्स जमा, घड्याळ जमा, पेन तेवढं आत.
दोनशे बारा कच्चे कैदी,
माणशी बावन्न प्रश्न,
आणि जेलर सारखे दारात :
लवकर आटपा, पाचला मोजणी असते.

एकशे एकोणीस नंबरचा तांब्याच्या तारेपायी आत होता.
गुन्हा शाबीत झाला असता तर फार तर तीन वर्षं.
झाला नव्हता. तीन वर्षं दोन महिने झाली होती.
जामीन मंजूर होता, पाचशे रुपयांचा,
पाचशे रुपयांचं माणूस मिळत नव्हतं.

प्रश्न एकतीस : भेटीला कोण येतं?
त्यानं बोटं मोजली, उगाच,
मग मलाच विचारलं,
तुम्ही परत येताल का?

कैद्यानं विचारलेल्या प्रश्नाला रकाना नव्हता.
मी लिहिलं, लागू नाही.

अधिव्याख्याता झाले, प्रपाठक झाले, पुढे विभागप्रमुख.
तक्ता सात घेऊन दिल्लीला गेले, व्हिएन्नाला गेले,
पडद्यावर भिंतभर पडायचा तो,
आणि त्यात शून्य पूर्णांक सत्तेचाळीस टक्के
तो असायचा.
माना हलायच्या. एकदा टाळ्यासुद्धा.
मग समितीवर घेतलं. समितीत काजू चांगले असायचे.
शिफारस क्रमांक बारा माझी :
गरिबाला जातमुचलक्यावर सोडा.
ती तत्त्वतः स्वीकारली.
तत्त्वतः या शब्दावर मी एक अख्खा तास शिकवत असे,
मुलं हसायची.

त्यातलाच एक आता शिवाजीनगर कोर्टात न्यायाधीश.
निरोपसमारंभाला आला, वाकून पाया पडला,
तुमचा तक्ता सात अजून तोंडपाठ आहे, म्हणाला,
आणि हळूच घड्याळ बघितलं,
बोर्डावर एकशे चाळीस प्रकरणं होती बिचाऱ्याच्या.
विचारणार होते, जामीन किती लावतोस रे?
अंगावर शाल होती, हातात नारळ.
नाही विचारलं.

कपाटाच्या तळाशी मूळ प्रश्नावल्या निघाल्या.
शंभर ते एकशे अठरा वाळवीनं नेल्या.
एकशे एकोणीसची नुसती किनार कुरतडलेली,
खाली निळा अंगठा, संमतीचा.
नाव लिहायचं नाही, असा नियम होता.
म्हणूनच पाठ राहिलं.

घोणे विचारतो, हे रद्दीत?
मी म्हटलं, राहू दे.
खुर्ची तेवढी डेडस्टॉकात जमा करायची.
त्यानं ती उलटी केली नंबर बघायला,
तर बैठकीखाली पुसट शिक्का :
येरवडा कारागृह, सुतारकाम विभाग.
तेवीस वर्षं बसले मी हिच्यावर.

त्यानं केलेली नसणार.
कच्च्या कैद्याला कामाला लावत नाहीत,
तो दिवसभर नुसता बसून असतो.
हे मीच लिहिलंय, पान दोनशे तीन.

घोणेनं खुर्ची सुलटी केली, फडक्यानं पुसली.
बसा, मॅडम, म्हणाला, टेम्पो येईपर्यंत.

मी उभीच राहिले.