मुख्य चालक

फोनवर आधी पियानो वाजतो, मग एक बाई म्हणते,
तुमचा कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे,
मग पुन्हा पियानो.
चहावर साय धरते.
खिडकीतून दिसतं : मारेड अंगणात गाडीशी वाकलेली,
जुन्या टूथब्रशने साखळी घासतेय,
मी शिकवलं तशीच, मागून पुढे.
तिच्या पलीकडे खाणीचा डोंगर,
ओल्या स्लेटचा, जांभळट काळा.

एकशेपंचवीस सीसी. निळी.
ती दोन वर्षांची होती तेव्हा घेतली,
बेकरीच्या पहाटपाळीसाठी.
रात्री अडीचला गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत न्यायचो,
इंजिन तिथे गेल्यावरच. आख्खं बेथेस्डा झोपलेलं असायचं.
अकराला परत. ही दारातच
माझ्या जाकिटात नाक खुपसून सांगायची
आज कुठला पाव होता.

पियानो थांबतो. कॅलम नावाचा मुलगा,
आवाजावरून मिसरूड नुकतं फुटलेलं.
गाडी रात्री कुठे असते? शेडमध्ये.
कुलूप? दोन.
गेल्या पाच वर्षांत अपघात? एक. मेंढी.
मेंढीचं काय झालं, तो विचारत नाही.
(पळाली. आरसा गेला.)

आता आकडे.
मी एकटा : दोनशे अठरा पौंड.
मी मुख्य, मुलगी अधूनमधून : सहाशे चाळीस.
"आणि मुलगी मुख्य असेल तर?"
कीबोर्ड बराच वेळ खडखडतो.
चौदाशे बारा.
"वय सतरा आहे ना," तो म्हणतो, जणू तीच काही चूक झाली.

शेजारचा डिलविन कालच सांगून गेला होता :
तुझंच नाव लाव, कोण बघायला येतंय?
सगळे तेच करतात.
खरंच, कोण येतंय.
आलं तरी ते फक्त त्या दिवशी येतात
ज्या दिवशी गाडी आडवी पडलेली असते,
आणि मग कुणी तरी कागद उलटून विचारतं
की ही नक्की कुणाची होती.

"तर गाडी मुख्यतः कोण चालवतं, मिस्टर प्रोबर्ट?"

साधा प्रश्न आहे.
घरात हा कुणी मला विचारला नव्हता.
जानेवारीपासून माझा उजवा हात
कणीक सोडल्यावरही मळतच राहतो, आपलाआप.
ब्रेक त्याच हाताला आहे.
कामाला मी पिठाच्या व्हॅनमधून जातो,
सांगतो की थंडी फार आहे.
मे महिना लागला.
किल्ली अजून माझ्याच खिळ्याला असते.
फेब्रुवारीपासून चारदा चालवली, तीही पेट्रोलपंपापर्यंत.
बाकीचे सगळे मैल तिचे :
बँगोरचं कॉलेज, शनिवारचा कॅफे,
आणि एका मुलाच्या घरापर्यंतचा चढ,
जो मला माहीत नाही असं तिला वाटतं.

"ती," मी म्हणालो. "मारेड. मी कधीतरी."

एवढंच. डोंगर जागेवर होता.
कॅलमने खाट्कन काहीतरी दाबलं.
"मग तुम्हाला जादा चालक म्हणून घेऊ?
अनुभवी माणूस जोडला की रक्कम उतरते."
किती?
"सत्तर पौंड."

चौतीस वर्षं बर्फ, धुकं, मेंढ्या,
सगळ्याचे मिळून सत्तर.
वाईट भाव नाही.
घ्या, म्हणालो.

ती आत आली. हात कोपरापर्यंत काळे.
"किती?"
तेराशे बेचाळीस.
तिने ओठ मिटून मनात भागाकार केला :
महिन्याला एकशे बारा, म्हणजे कॅफेच्या जवळजवळ सगळ्या शनिवारांवर पाणी.
"आणि पॉलिसी कुणाच्या नावावर?"
तुझ्या.

तिने नळ सोडला. बराच वेळ हात धूत राहिली,
तेल निघेना, की पाठ वळवायची नव्हती, कोण जाणे.
मग टॉवेलला काळा डाग पाडत म्हणाली,
"बाबा, रविवारी गाडी हवी असेल
तर आदल्या रात्री सांगायचं."

हे वाक्य माझं आहे.
स्वरसुद्धा माझाच.
ती गेल्यावर मी खिळ्यावरची किल्ली काढली,
पाहिली,
आणि परत तिथेच अडकवली,
जरा खाली,
तिच्या हाताच्या उंचीवर.