सहाव्या महिन्याचं रक्त

सकाळी सातला प्रयोगशाळेचं कुलूप काढते.
ऐरोलीच्या या इमारतीत तळमजल्याला बारा महिने ओल,
सेंट्रीफ्यूजचं झाकण एका बाजूने चिकटपट्टीवर उभं,
रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर माझ्या आधीच्या कुणीतरी
बॉलपेनने काढलेली तुळस.

पहिल्या यादीत एकशे बेचाळीस जण होते.
लशीआधी एकदा, मग अठ्ठाविसाव्या दिवशी, मग तिसऱ्या महिन्यात,
आता सहाव्या.
आता एकशे एकतीस.
कुणाची बदली, कुणाचं बाळंतपण, कुणी नोकरी सोडून गावी.
दोन नावांपुढे मी काहीच लिहिलेलं नाही.

ही माणसं दिवसभर दुसऱ्यांच्या शिरा शोधतात
आणि स्वतःची द्यायची वेळ आली की खिडकीबाहेर बघतात.
सिस्टर लिजी तर डोळेच मिटते.
तिने हजारेक दंडांना सांगितलंय, एक मुंगी चावेल फक्त.
मी म्हणते, सिस्टर, एक मुंगी.
ती हसत नाही.

नळ्या फिरून येतात.
तळाशी लाल, मध्ये जेलचा पडदा,
वर सीरम, गवती चहाच्या रंगाचं.
कोण डॉक्टर, कोण सफाईवाला, इथे कळत नाही,
फक्त कुणी येताना वडापाव खाल्लाय
तेवढं कळतं. त्याचं गढूळ असतं.

संध्याकाळी आकडे.
दारात सगळे उभे, दहावीचा निकाल असल्यासारखे.
डॉक्टर सप्रे, तीनशे बारा.
मागे अठराशे होते. ते चष्मा पुसतात,
"नळी माझीच ना नक्की?"
औषधखिडकीवरचा इरफान विचारतो, एवढे पुरतात का?
किती पुरतात ते कुठेच छापलेलं नाही, इरफान.
कागदावर दोनच शब्द आहेत :
आढळले, आढळले नाही.

सगळ्यात जास्त बळीरामचे.
यंत्राची मोजपट्टीच संपली,
सीरम पातळ करून पुन्हा लावावं लागलं.
अकरा हजार चारशे.
पहिला नंबर! कुणीतरी त्याची पाठ थोपटली.
बळीराम कागदाची घडी घालत राहिला,
एक, दोन, तीन, घडी होईना इतकी बारीक.
मागच्या जुलैत तो शवागाराच्या गाडीवर होता.
ताप त्याने इथूनच घरी नेला.
घरात दोघं होते.
लस नंतर आली, त्या तापावर चढली,
असा झालाय हा आकडा.
मी चहा विचारला. नको म्हणाला.

शेवटी चांगुणामावशी, दिवा कोळीवाड्यातली,
बायकांच्या वॉर्डात लादी पुसते.
एक्केचाळीस.
"यवरंच?"
मी समजवायला गेले, मावशी, आकडा उतरला तरी
अंगाला ओळख राहते, आत कुठेतरी, पेशींमध्ये...
परिपत्रकात वाचलेलं होतं, बोलताना पोकळ वाटत होतं.
तिने मला मध्येच तोडलं.
"सुकती झाली म्हून चिंबोऱ्या काय खारी सोरून जातान?
बिलान बसतान."
आणि बादली उचलत,
"बोट घाल, मंग कलंल."

माझं रक्त लिजीने काढलं, सगळे गेल्यावर.
पहिल्यांदा शीर हुकली. दोघी गप्प.
माझा आकडा मी यादीत भरला नाही अजून,
पेन्सिलीने पुठ्ठ्यावर लिहून ठेवलाय, तुळशीच्या कुंडीत,
कुणाला दिसेल न दिसेल असा.

उरलेलं सीरम छोट्या कुप्यांमध्ये, उणे वीसला.
दिवे गेले. जनरेटर चालू व्हायला अकरा सेकंद लागतात,
मी मोजते दर वेळी, फ्रीजवर हात ठेवून.
खाडीकडून चिखलाचा वास येतोय.

उद्या राहिलेले नऊ जण.
उपाशीपोटी या, असं दारावर लिहून लावलंय.
कुणी ऐकायचं नाही.