झाकली मूठ

व्हर्नेल गॅस्किन्स दुकानात आली तेव्हा
गॅरीवर सरोवराकडचा वारा सुटला होता
आणि माझ्या शटरचं कुलूप नुकतंच
केटलीच्या पाण्यानं सोडवलं होतं मी.
तिनं हातमोजे काढले, आधी उजवा, मग सावकाश डावा.
डाव्याची करंगळी आणि शेजारचं अर्धं बोट
एकोणऐंशी साली पत्र्याच्या प्रेसनं नेलं.
"माइक दाखव, टॅड," म्हणाली.
"शनिवारी हॅमंडच्या बारमध्ये वाजवायचंय. जुना मेला."

मी फडकं अंथरलं, एकेक मांडत गेलो.
हा हिरवट, गोळीच्या टोकासारखा,
लोक यासाठी दुसऱ्या राज्यातून येतात.
पोटात क्षाराचा स्फटिक,
जुलैत गाडीत राहिला की संपला,
पण जिवंत असेतो
माऊथऑर्गनला सॅक्सोफोनची छाती देतो.
हा टॅक्सी कंपनीच्या टेबलावरचा, मान मी कापली.
याच्यातून कुणीतरी तीस वर्षं
माणसांना घरी पाठवलं असेल.
जड आहे. आवाजही जड.

ती ऐकत नव्हती.
खिशातून ए पट्टीचा बाजा काढला,
हिरव्याला मागून धरला, हात मिटले, डोळे मिटले,
आणि तार जोडलेली नसताना फुंकलं.
सूर नाही, नुसती हवा.
कुठून निसटते ते शोधत होती,
जुन्या खिडकीशी काडी धरून
आपण फट शोधतो तशी.

"इथून," म्हणाली, जिथे बोट नव्हतं तिथून.
"मूठ फुटकी असली ना, टॅड,
तर खालचे सूर पहिले पळतात.
हे भांडं मोठं आहे माझ्या हाताला."

टॅक्सीवाला तिनं उचलला नि लगेच ठेवला.
"दोन गाण्यांत मनगट जाईल. संधिवात."
मग म्हणाली, "पाची बोटं सारखी नसतात म्हणतात.
माझी तर पाचही नाहीत,"
आणि स्वतःच हसली, मी हसावं की नाही
हे ठरायच्या आत.

काउंटरखालच्या खोक्यात एक होता,
बिंगोच्या हॉलमधला, काठीसारखा, सडपातळ,
जाळी चेपलेली, अठरा डॉलर.
गिऱ्हाइकाला मी तो दाखवतही नाही.
तिनं जाळी फिरवून काढली,
उघडं तोंड तळव्यात घेतलं,
अंगठा वर, उरलेली बोटं कडेनं,
आणि ट्रकच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा मागितला.
कात्रीनं गोल कापला, गेलेल्या बोटांच्या जागी बसवला.

आता तार जोडली.
चर्चच्या तळघरातून आलेला माझा लहानसा अँप
आधी किंचाळला, मांजर फडताळाखाली गेलं.
तिनं मूठ मिटली. किंचाळी थांबली.
आणि मग त्या मिटलेल्या जागेतून
एकच सूर, खालचा, काळा, कडेला किंचित करपलेला,
असा आला की
शेल्फवरचे स्क्रू डबीत थरथरले.
तिनं करंगळीकडची बाजू केसभर उघडली:
सूर "अं?" म्हणाला. मिटली: "हं."
असं चारदा. एवढंच वाजवलं तिनं.

"आवाजाचं बटण बसवून दे याच्यावर," म्हणाली,
"माझा गिटारवाला बहिरा आहे,
आणि अजून त्याला ते कळलेलं नाही."
वीस ठेवले, दोन परत घेतले नाहीत.

ती गेल्यावर मी हिरवा उचलला,
सव्वा लाखाचा म्हणावा असा तो,
तिच्यासारखे हात मिटले,
घट्ट, घट्ट, अगदी नखं पांढरी होईतो.
फुंकलं.
दहाही बोटं शाबूत आहेत माझी.
तरी हवा जाते कुठूनतरी.