नऊ पूर्णांक दोन

हर्णैत कागद जगत नाही.
लग्नपत्रिका दुसऱ्या श्रावणात मऊ पडते,
सातबाऱ्याला बुरशी येते,
पाकिटातल्या नोटांना आंबूस वास सुटतो.
आणि मी, बर्फाच्या कारखान्यातला ऑपरेटर,
पगाराचा तिसरा हिस्सा घालून
साठ वर्षांपूर्वीची अमेरिकन कॉमिक्स जपतो.
खोलीतलं यंत्र रात्रभर ओल ओढतं,
सकाळी त्याच्या पोटातली तीन लिटर हवा
मी अबोलीला घालतो.
अबोली बरी आहे. बायको बोलत नाही.

अंक हाती आला की मी चित्र बघत नाही.
आधी कणा. कण्यावर पांढऱ्या रेघा किती.
मग पिना. गंज दिसला की हात जोडायचे.
मग कोपरे, मग पानांचा रंग :
दूध, साय, पाक, चहा.
चहाच्या पुढे मी भावसुद्धा विचारत नाही.

सातवा अंक अडखळला मिळाला,
रुकय्या सारंगच्या पडवीत.
नवरा हमजा, मालवाहू बोटीवर ग्रीझर;
बाल्टिमोरच्या धक्क्यावर बारा सेंट मोजून
त्याने घेतलेला कॅप्टन ब्रेकवॉटर :
छातीवर नांगर,
दोन्ही तळव्यांनी अडवून धरलेली लाट.
मेणकापडात गुंडाळून, पत्र्याच्या डब्यात,
तांदळाच्या मधोमध.
"पोरां फाडतील म्हणून ठेवलंन," ती म्हणाली.
"तांदळात कोण हात घालतो?"
तो गेल्यावरही दर दिवाळीला
नवा तांदूळ भरताना तिने तो काढला,
पुन्हा पुरला.

कण्यावर एक रेघ नव्हती.
पिना ताज्या बांगड्याच्या डोळ्यांसारख्या.
मी तिला खरी किंमत सांगितली.
नाही, खरी नाही. खरीच्या जवळची.
तिने वर बघितलं, कौलांकडे,
आणि हो म्हणाली.

अंक परदेशी गेला, तपासून घ्यायला.
चार महिन्यांनी आला, जाड पारदर्शक पेटीत बंद :
नऊ पूर्णांक दोन.
शेरा : मागच्या कव्हरवर बारीक खोलगट खूण.
एका दाण्याने माझे दोन दशांश खाल्ले.
दोन दशांश म्हणजे एक नवी मोटारसायकल.
आठवडाभर मी त्या दाण्यावर चिडून होतो,
ज्याच्या भावंडांनी एवढे पावसाळे
आपल्या अंगावर पिऊन टाकले.

पेटी घेऊन मी तिच्याकडे गेलो.
का, ते नीट सांगता येणार नाही.
कौलं नवी होती.
तिने पेटी उन्हाकडे तिरकी धरली,
डोळा बारीक केला, अंगठा फिरवला.
"पटणीचा दाणा. कोलम येवढा जाड नसतो."
परदेशातल्या तीन तज्ज्ञांना
हे लिहिता आलं नव्हतं.

मग नखाने प्लॅस्टिकवर टकटक.
"आता उघडायचा कसा?"
उघडायचा नाही, मी म्हटलं.
"मग शेवटाक काय झाला, ता?"
मला माहीत नव्हतं.
मी पानं मोजली होती, वास घेतला होता,
पण कणा दुखेल म्हणून
तिसऱ्या पानापुढे गेलोच नव्हतो.

तिला अक्षर येत नाही.
रजेवर आला की हमजा हात धुवायचा,
हात वाळेपर्यंत गप्प बसायचा,
मग एकेक पान उलटून तिला सांगायचा.
"लाट थांबत नाय," ती म्हणाली.
"तो दमतो. घरी जातो. उंबऱ्यावर बूट काढतो,
बुटातना वाळू पडते, वायच पाणी.
बायको विचारते, किती दिवस रजा?
तिथंच संपते."

असा शेवट त्या अंकात असेल?
बारा सेंटांच्या, नांगरवाल्या,
मुठी आवळलेल्या अंकात?
पेटी फोडली तर कळेल,
आणि नऊ पूर्णांक दोन जाईल.
याच अंकाची एक फाटकी प्रत विकायला आहे,
कव्हर नाही, पिना गंजलेल्या,
पानं चहाच्याही पुढची, सगळी मिळून नऊशे रुपये.

तीन महिने झाले.
अजून मागवलेली नाही.